गोळी कुठली आणि महिना कितवा?

पत्र

काकू, मी सावळजजवळच्या एका वस्तीवर राहते. वय २५. थोरली मुलगी तीन वर्षांची आहे. तिच्या वेळी आठव्या महिन्यात बीपी वाढलं आणि घाईनं सिझर करावं लागलं. आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, २६ वा आठवडा चालू आहे. आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे. यंदा विरळणीला बायका मिळेनात म्हणून मीपण बागेत जात होते. दिवसभर हात वर करून पाठ आणि कंबर इतकी धरली की रात्री कूस बदलता येईना. आत्यांनी (माझ्या सासूबाई) त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांतली एक दिली. लगेच बरं वाटलं. मग मिस्टरांनी मेडिकलमधून तसल्याच कापून आणल्या, कधी चार, कधी सहा. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा-अकरा दिवस घेतल्या.

मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी साडेसात आलं. डॉक्टर म्हणाले, काठावर आहे, पाणी भरपूर प्या, आराम करा, दोन आठवड्यांनी परत बघू. गोळ्यांचं मी त्यांना सांगितलं नाही, रागावतील म्हणून. घरी येऊन मोबाईलवर वाचलं की दुखण्याच्या गोळीनं बाळाची किडनी जाते. त्या दिवसापासून सगळ्याच गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांनी रात्री घ्यायला दिलेली इकोस्प्रिन ७५ पण पाच दिवस घेतली नाही, कारण जाऊबाई म्हणाल्या तीही दुखण्याचीच गोळी. परवा ताप १०२ पर्यंत गेला, पण पॅरासिटामॉलनं मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) होतं असं एका व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून तो अंगावर काढला. आता ताप उतरलाय. आत्या म्हणतात, आम्ही काय गोळ्या खाल्ल्या नाहीत का? काकू, मी माझ्या बाळाला काही केलं का?

– एक आई, तासगाव तालुका

पोरी,

आधी फोन लाव, बाकीचं मग वाच. तुझ्या डॉक्टरांना आजच्या आज तीन गोष्टी सांगायच्या. दहा-अकरा दिवस दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. इकोस्प्रिन पाच दिवस बंद आहे. आणि परवा १०२ ताप येऊन गेला. ते रागावतील म्हणून तू गप्प बसलीस, पण रागावणं दोन मिनिटांचं असतं. ही माहिती नसताना ते तुझ्या सोनोग्राफीचा अर्थ लावत बसतील, ते फार महागात पडेल.

झाला फोन? आता बस शांत.

मी डॉक्टर नाही. मिरजेत दवाखान्यांच्या गर्दीत माझं मेडिकल आहे आणि २७ वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. तुला तपासणं माझ्या हातात नाही. पण गोळी पोटात गेल्यावर तुझ्या आणि बाळाच्या शरीरात कुठं कुठं पोचते आणि तिथं काय करते, हे मी तुला नीट सांगू शकते.

तू पत्रात गोळीचं नाव लिहिलेलं नाहीस. तुला ते माहीतच नसणार. दहाच्या पट्टीतून चार कापल्या की नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्यावर, आणि तुझ्या हातात येते ती चंदेरी कागदातली बिननावाची गोळी. मग घरात तिचं बारसं होतं 'अंगदुखीची' म्हणून. पण आत्यांच्या गुडघ्यांची आहे म्हणतेस, तर बहुतेक ॲसिक्लोफेनॅक नाहीतर डायक्लोफेनॅक असणार, जोडीला पॅरासिटामॉल. आमच्या दुकानातून गुडघ्यांसाठी सगळ्यात जास्त तीच जाते.

या गटाला एनएसएआयडी म्हणतात. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाईड, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक ही सगळी भावंडं येतात. पाळीत पोट दुखलं की मुली घेतात त्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड आहे. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. 'पॅरासिटामॉलचीच तर गोळी' म्हणून घेतलेल्या पट्टीत जोडीला दुसरं कोण बसलंय, हे बघितल्याशिवाय कळत नाही. पॅरासिटामॉल मात्र या भावंडांतलं नाही. त्याचं घर वेगळं आहे, त्याच्याकडे मी नंतर येते.

तुझ्या बागेत ठिबक असेलच. समज, एका ओळीला पाणी जास्त होतंय म्हणून तू कॉक बंद करायला गेलीस आणि चुकून मेन लाइनचाच कॉक फिरवलास. ती ओळ थांबेल खरी, पण बाकीची बागही कोरडी पडेल. या गोळ्या नेमकं असंच करतात. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतं, त्यानं दुखतं आणि सूज येते. ते तयार होणंच या गोळ्या थांबवतात. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी हे दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. गोम अशी की हेच प्रोस्टाग्लँडिन शरीरात चांगली कामंही करतं. तुझ्या जठराचं अस्तर सांभाळतं. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा मोकळा ठेवतं. बाळाच्या मूत्रपिंडांनाही त्याचीच गरज असते. आणि गोळी वार (बाळाला पोषण पोचवणारी प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचते. तुझी पाठ कुठली आणि बाळाची किडनी कुठली, हे तिला कळत नाही.

आता पाण्याचं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी आईच्या शरीरातूनच येतं. विसाव्या आठवड्याच्या आसपास कारभार बदलतो. बाळ पाणी गिळतं, त्याची मूत्रपिंडं ते गाळतात आणि लघवीवाटे ते परत पिशवीत येतं. म्हणजे सोनोग्राफीवाले जे पाणी मोजतात, त्यातला बराचसा भाग ही बाळाची लघवी असते. मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी झालं की लघवी कमी, आणि लघवी कमी की पाणी कमी. म्हणूनच ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, एफडीएनं, इशारा दिला की २० आठवड्यांनंतर या गटातल्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. त्याआधी हा इशारा ३० आठवड्यांपासून होता. तुझे दिवस बघ. तू बरोबर या मधल्या काळात आहेस. 'शेवटच्या महिन्यांत तेवढं जपायचं' अशी जी जुनी समजूत अजून फिरते, ती इथंच कमी पडते.

पाणी कमी होण्याला सहसा काही दिवस किंवा आठवडे गोळी घ्यावी लागते, पण काहींमध्ये दोन दिवसांतही फरक दिसला आहे. आणि तुझ्या जिवाला जी गोष्ट ऐकायची आहे ती ही: गोळी बंद केल्यावर बहुतेक वेळा पाणी परत वाढतं, बाळाची मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागतात. 'किडनी जाते' असं सरसकट कुणी लिहिलं असेल तर ते चूक आहे. धोका असतो तो पाणी कमी असूनही गोळ्या आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या तर. पाण्यात बाळ हातपाय ताणतं, छातीनं पाणी आत-बाहेर करतं, त्यातून त्याची फुप्फुसं वाढतात. जागाच उरली नाही तर ही वाढ खुंटते, सांधे आखडतात. तुझं पाणी साडेसात आहे. चार बाजूंचं मोजून सेंटिमीटरमध्ये जी बेरीज सांगतात, ती ५ च्या खाली गेली की पाणी कमी म्हणतात. ५ ते ८ म्हणजे काठावर. तू वेळेत थांबली आहेस.

पण एक लक्षात ठेव. पाणी कमी झालं ते गोळीनंच, असं मी इथं बसून छातीठोक सांगणार नाही. पिशवीतून पाणी झिरपत असेल, बीपीमुळे वारेचं काम मंदावलं असेल, तरी आकडा असाच दिसतो. तुझा मागचा इतिहास बीपीचा आहे. म्हणून डॉक्टरांना पूर्ण चित्र हवं. गोळ्यांचं कळलं तर ते कारण त्यांच्यासमोर राहील, आणि तरीही बाकीचं ते तपासतील. कळलं नाही तर नको त्या दिशेनं शोध चालू राहील. आम्ही मेडिकलवाले आणि डॉक्टर दोघंही आंधळे असतो, पोरी, पेशंट सांगेल तेवढंच आम्हाला दिसतं.

तिसाव्या आठवड्यानंतर आणखी एक अवयव यात येतो, बाळाचं हृदय. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त एका छोट्या जोडवाहिनीतून थेट महाधमनीत जातं. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत ती आपोआप मिटते. पोटात असेपर्यंत तिला उघडी धरून ठेवणारं मुख्य रसायन कुठलं, तर तेच, प्रोस्टाग्लँडिन. आईनं गोळी घेतली की ही वाहिनी वेळेआधीच आकसू शकते. मग हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. याचा पुरावा तुला मिरजेतल्या कुठल्याही नवजात अतिदक्षता विभागात मिळेल. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची ही वाहिनी उघडीच राहिली, तर ती मिटवायला डॉक्टर इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेनच वापरतात. तिथं जे औषध, ते पोटातल्या बाळासाठी अपाय. औषध तेच, वेळ वेगळी. म्हणून मी नेहमी दोनच प्रश्न विचारते: गोळी कुठली आणि महिना कितवा?

हे विचारायची सवय मला उशिरा लागली. दुकान काढून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक तरुण संध्याकाळच्या गर्दीत आला, "पाठदुखीची द्या, जरा पॉवरफुल" म्हणाला. मी डायक्लोफेनॅकच्या सहा कापून दिल्या. त्याची पाठ दुखत असेल असं मी धरून चालले. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा शेजारी त्याची बायको होती. आठवा महिना, पायावर सूज, हातात गरोदरपणाचं कार्ड. "ताई, त्या गोळ्यांनी हिला चांगला आराम पडला," असं तो म्हणाला आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मी दुकान मुलावर टाकून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. सुदैवानं सगळं निभावलं. त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर दुखण्याची गोळी मागितली की मी आधी विचारते, "कुणासाठी?" गिऱ्हाईकं वैतागतात. वैतागू देत.

आता तुझ्या इकोस्प्रिनचं. जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि डिस्प्रिनमध्येही ॲस्पिरिनच असतं. पण डिस्प्रिनच्या एका गोळीत ते ३५० मिलिग्रॅम असतं, तुझ्या गोळीत ७५. जवळपास पाचपट फरक. एवढ्याशा मात्रेत ॲस्पिरिन दुखणं थांबवायला पुरतही नाही. ती मुख्यतः रक्तातल्या प्लेटलेट्सवर काम करते, म्हणजे गाठी धरण्याची ओढ कमी होते आणि वारेतलं रक्त नीट खेळतं राहायला मदत होते. ज्यांना मागच्या खेपेला बीपीचा त्रास झाला, त्यांना साधारण चौथ्या महिन्याच्या आत ती मुद्दाम सुरू करतात. २०१७ मध्ये १,७७६ गरोदर बायकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर, ज्या बीपीच्या विकारामुळे बाळंतपण वेळेआधी करावं लागतं, तो निम्म्याहूनही कमी झाला. एफडीएच्या २०२० च्या इशाऱ्यातूनही डॉक्टरांनी दिलेली ही कमी मात्रेची ॲस्पिरिन वेगळी काढलेली आहे.

म्हणजे बघ, जी गोळी घ्यायची नव्हती ती तू अकरा दिवस घेतलीस आणि जी तुझ्या बाळाला सांभाळत होती ती भीतीनं सोडलीस. यात तुझा दोष नाही. दोन्ही गोळ्यांना तू एकाच नावानं ओळखत होतीस. पण ती परत कधी सुरू करायची हे आज डॉक्टरांनाच विचार, मनानं सुरू करू नकोस. तुला नुकताच ताप येऊन गेलाय. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन आणि हे सगळे एनएसएआयडी रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून ते कदाचित आधी रक्त तपासतील.

तापाचं म्हणशील तर तो तू अंगावर काढलास, हे मला गोळ्यांपेक्षा जास्त टोचलं. पॅरासिटामॉलवरून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सरकारी पातळीवरून मोठा गवगवा झाला, तेच व्हिडिओ आपल्याकडे फिरतायत. जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच सांगितलं की गरोदरपणातली पॅरासिटामॉल आणि स्वमग्नता यांचा संबंध ठरवणारा ठोस पुरावा नाही. त्याआधी, २०२४ मध्ये स्वीडनचा अभ्यास आला होता, जवळपास २५ लाख मुलांचा. त्या संशोधकांनी एक हुशारी केली. एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी आईनं पॅरासिटामॉल घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, आणि त्यांची तुलना केली. तेव्हा तो संबंध उरलाच नाही. घर तेच, रक्त तेच, मग फरक पडत नव्हता. उलट तापानं मात्र नुकसान होतं हे माहीत आहे. पहिल्या काही आठवड्यांत जोराचा ताप आला तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीत दोष राहण्याची शक्यता वाढते. ताप उतरवणं हे बाळासाठीच असतं.

पण पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे, आणि तिचा अवयव यकृत. ठरलेल्या मात्रेत यकृत तिला सहज पचवतं. मात्रा ओलांडली की एक विषारी घटक साठतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात, आईच्या आणि बाळाच्याही, कारण पॅरासिटामॉल वार ओलांडते. म्हणून ५०० ची एक गोळी, फार तर दोन, आणि पुढची चार ते सहा तासांनी. २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ, ही मोठ्या माणसाची वरची हद्द. गरोदर बाईनं तिच्या जवळपासही जायचं कारण नाही, आणि वजन ५० किलोच्या आत असेल तर मात्रा आणखी कमी. सगळ्यात मोठी फसगत होते ती सर्दीच्या गोळीत. ताप आला म्हणून ६५० ची घेतली, नाक वाहतंय म्हणून सर्दीची घेतली, तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. बाईला वाटतं दोन वेगळ्या गोळ्या घेतल्या. एक-दोन दिवसांत ताप हटला नाही तर गोळ्या वाढवत बसू नकोस, दाखव.

पोटातल्या बाळाचं सांगताना तुझं राहून गेलं. या दुखण्याच्या गोळ्यांनी तुझ्या जठराला जखमा होऊ शकतात, आणि गरोदरपणात आधीच पित्त, जळजळ असते. त्यात एक छुपी गोष्ट आहे. आतून रक्त जात असेल तर शी काळी होते. पण लोहाच्या गोळ्यांनीही शी काळीच होते, त्यामुळे बाई निर्धास्त राहते. डांबरासारखी चिकट, विचित्र वासाची शी झाली, सोबत चक्कर किंवा धाप असेल, तर लोहाच्या गोळीवर ढकलू नकोस. तुझ्या मूत्रपिंडांवरही या गोळ्यांचा ताण येतो, अंगात पाणी साठून सूज येते आणि बीपी वर जातं. मागच्या खेपेला बीपी वाढलेल्या बाईनं यांच्यापासून लांब राहायला एवढं कारण पुरेसं आहे. बाळंतपणाच्या तोंडावर घेतल्या तर कळा लांबतात आणि नंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो.

आणखी थोडं, कारण तू विचारलं नाहीस तरी दुसरी कुणी विचारेल. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी एखाद-दुसरी अशी गोळी घेतली गेली असेल तर घाबरून जायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं आणि पुढं टाळायचं. पाठीत घेतलेली डायक्लोची सुई म्हणजे गोळीच, फक्त वाट वेगळी. ट्यूबमधल्या मलमातूनही डायक्लोफेनॅक थोडं का होईना अंगात उतरतं, तेही न विचारता चोळू नये. ट्रमाडॉलसारखी जड औषधं डॉक्टरांच्या हातूनच, कारण ती फार दिवस घेतली तर जन्मल्यावर बाळाला त्यांची ओढ लागलेली असते. आणि बाजारात मिळणारी बिननावाची 'आयुर्वेदिक' अंगदुखीची पुडी तर घरातच आणू नको. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड आणि हीच वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत.

मग पाठ दुखली तर काय करायचं? पहिलं म्हणजे बाग सोड. यंदाचे घड थोडे दाटच राहू देत. हात डोक्याच्या वर, मान मागे, कंबरेत बाक आणि पुढं सहा महिन्यांचं पोट, याला कुठलीच पाठ टिकणार नाही. झोपताना कुशीवर झोप, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घे आणि पोटाखाली जुन्या साडीची घडी सरकव. पहिल्याच रात्री फरक कळेल. कोमट पाण्याच्या पिशवीनं कंबर शेक, कढत नको. पोरीला उचलून घ्यायचं असेल तर वाकून नको, तिला कॉटवर चढव आणि मग कवेत घे. एवढं करूनही दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

आणि दुखणं काही वेळा निरोप घेऊन आलेलं असतं. थांबून थांबून, ठराविक अंतरानं कंबर दुखून पोट कडक होत असेल तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. बरगडीखाली, एका बाजूला पाठ दुखते, लघवीला जळजळ आहे, थंडी वाजून ताप येतो, तर मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. परवाच्या तुझ्या तापासोबत असं काही होतं का, तेही आज सांग. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, चेहरा सुजलाय, तर ते बीपी. पाणी झिरपल्यासारखं वाटलं, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन. अशा वेळी दुखण्याची गोळी घेणं म्हणजे दारावर थाप पडत असताना कानात बोळे घालणं.

आत्यांशी भांडू नकोस. त्यांनी स्वतःच्या औषधातली गोळी तुला काढून दिली, ती मायेनं. त्यांच्या वेळी गोळ्या घेतल्या जायच्या हेही खरं, पण तेव्हा वस्तीवरच्या बाईच्या पोटातलं पाणी मोजणारी सोनोग्राफी कुठं होती? कुणाचं पाणी कमी झालं, कुणाचं मूल का दगावलं, हे कळायला मार्गच नव्हता. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथंही नेता येईल. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या स्वतःच घरातल्या पट्ट्या वेगळ्या ठेवतील. मिस्टरांना सांग, मेडिकलमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य 'बायको गरोदर आहे' हे असलं पाहिजे, आणि पट्टी कापून दिली तरी नाव असलेला तुकडा मागून घ्यायचा. लाल उभी रेघ असलेली पट्टी चिठ्ठीशिवाय आणायचीच नाही.

तू विचारलंस, मी माझ्या बाळाला काही केलं का. तुझी पाठ दुखत होती, घरात औषध होतं, कुणी नको म्हणालं नाही. कळलं तेव्हा तू थांबलीस आणि पत्र लिहिलंस. आता गरोदरपणाच्या कार्डाच्या मागं लिहून ठेव: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, दिवसाला किती. आणि उरलेल्या गोळ्या टाकून देऊ नकोस. दवाखान्यात जाताना त्या चंदेरी कागदासकट सोबत घे. पट्टी कापलेली असली तरी मागच्या बाजूला नावातली दोन-चार अक्षरं राहतातच. तेवढी डॉक्टरांना पुरतात.

तुझी,
काकू